प्रमाण कोठे शे?

फेब्रुवारी उजाडला की जळगाव-धुळ्याकडच्या फोनांमध्ये एक ठरलेली वर्दळ सुरू होते. २१ तारखेला जागतिक मातृभाषा दिन, २७ला मराठी भाषा गौरव दिन. या दोन तारखांच्या आसपास अहिराणीवरचे लेख येतात. आधी पुरवणीत किंवा पोर्टलवर, मग स्क्रीनशॉट होऊन घरच्या ग्रुपवर. एका प्रकारच्या लेखात अहिराणी ही स्वतंत्र, प्राचीन आणि समृद्ध भाषा असते, आणि ती मरायला टेकलेली असते. दुसऱ्या प्रकारात ती मराठीचीच एक गोड बोली असते, आणि तिला वेगळं म्हणणारे लोक महाराष्ट्र तोडायला निघालेले असतात. मामा पहिला लेख टाकतात, काका दुसरा. मग कुणीतरी लग्नपत्रिका टाकतं आणि विषय संपतो.

माझा कल पहिल्या बाजूकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरात जी ऐकली ती भाषा 'भाषा' नाही असं कुणी म्हटलं की पोटात काहीतरी हलतं. पण छळतात ते मात्र पहिल्या बाजूचेच लेख. दुसऱ्या बाजूचा लेख खराब असला तर वाचून बरंच वाटतं. आपल्या बाजूचा लेख खराब असला की वाटतं, एवढी चांगली केस होती, यांनी ती अशी का लढवली?

मराठीत 'प्रमाण' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. प्रमाण म्हणजे पुरावा, आणि 'प्रमाण भाषा' म्हणजे शाळेत, वर्तमानपत्रात, बातम्यांत चालणारी भाषा. अहिराणीवरच्या लेखांची सगळी अडचण मला या शब्दात दिसते. लेखकाला प्रमाण भाषेच्या दरबारात जाऊन आपल्या भाषेचं प्रमाण द्यायचं असतं. मग तो त्या दरबारात चालणारी नाणीच घेऊन जातो: मोठा आकडा, साहेबाचं नाव, जुना राजा, थोर कवयित्री. ही नाणी खोटी नाहीत. पण ती ज्या दाव्यासाठी वापरली जातात, तो दावा बहुतेक वेळा त्यांना पेलत नाही.

आकड्यापासूनच बघू. जनगणनेत 'खानदेशी' नावाचं एक शीर्षक असतं आणि अहिराणी त्याच्याखाली मोजली जाते. या शीर्षकाखाली १९९१ साली सुमारे ९ लाख ७४ हजार लोक होते. २००१ साली सुमारे २० लाख ७५ हजार. २०११ साली सुमारे १८ लाख ६० हजार, आणि त्यातले सुमारे १६ लाख ३६ हजार अहिराणीचे. तीनच आकडे, पण मतलेखकासाठी ही सोन्याची खाण आहे. 'अहिराणी मरतेय' हे सिद्ध करायचं असेल तर शेवटचे दोन घ्यायचे: दहा वर्षांत दोन लाखांहून जास्त माणसं गळाली! 'अहिराणी जोमात आहे' हे सांगायचं असेल तर पहिला आणि शेवटचा घ्यायचा: वीस वर्षांत जवळजवळ दुप्पट! दोन्ही लेखांत एकही आकडा खोटा नसेल. वाचक दोन्ही लेखांना मान डोलावेल.

कोणते दोन आकडे उचलले, यापेक्षा मोठा प्रश्न आहे की हे आकडे नेमकं काय मोजतात. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या पावणेतेवीस टक्क्यांच्या आसपास वाढली. त्याच दहा वर्षांत खानदेशी बोलणारे ११३ टक्क्यांनी वाढले. इतकी पोरं धुळ्यात काय, जगात कुठेच जन्माला येत नाहीत. पुढच्या दहा वर्षांत राज्य १६ टक्क्यांनी वाढलं आणि खानदेशी १० टक्क्यांनी घटली. तेवढी माणसं मेली नाहीत, गाव सोडून गेली म्हणावं तर देशभराच्या आकड्यात ती कुठेतरी दिसली असती. मग बदललं काय? कागदावरचं उत्तर.

प्रगणक दारात येतो. तो बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर असतो. तो मराठीत विचारतो, मातृभाषा कोणती? समोरचा माणूस ज्याला जे योग्य वाटेल ते सांगतो. कुणी अहिराणी म्हणतं, कुणी खानदेशी. मास्तरांसमोर बरं दिसावं म्हणून किंवा 'बोली म्हणजे मराठीच की' असं वाटून कुणी मराठी म्हणतं. पुढे दिल्लीत या उत्तरांची चाळणी होते. २०११ साली देशभरातून मातृभाषेची १९,५६९ वेगवेगळी नावं आली होती. चाळून, जुळवून त्यांच्या १,३६९ मातृभाषा केल्या, आणि त्या १२१ भाषांच्या शीर्षकांखाली बसवल्या. म्हणजे हा आकडा तोंडातल्या भाषेचा जेवढा आहे, तेवढाच दारात उभ्या माणसाच्या संकोचाचा आणि दिल्लीतल्या कारकुनी वर्गीकरणाचा आहे. अहिराणीच्या बाजूने लिहिणाऱ्याला यातून एक जबरदस्त लेख लिहिता आला असता: आमच्याकडे भाषा किती लोक बोलतात यापेक्षा ती बोलतो हे किती लोक कबूल करतात, याची गोष्ट. तसा लेख माझ्या वाचनात आला नाही. येतो तो 'अहिराणी बोलणारे एक कोटी', कधी दीड कोटी.

हा कोटीचा आकडा फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर एका मिनिटात तपासता येतो. २०११ साली जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२ लाख ३० हजार, धुळ्याची साडेवीस लाख, नंदुरबारची साडेसोळा लाख. तिन्ही जिल्ह्यांतलं तान्हं बाळसुद्धा धरलं तरी बेरीज ८० लाखांच्या आत राहते. त्यात सातपुड्यातले पावरी बोलणारे आहेत, नवापूरकडचे मावची बोलणारे आहेत, शहादा-तळोद्याचे गुजरी बोलणारे आहेत, रावेर-यावलची लेवा मंडळी आहेत, उर्दू बोलणारे आहेत. बागलाण, कळवण, मालेगाव आणि सुरत-नाशिक-पुण्याला गेलेले सगळे मिळवले तरी कोटीसाठी ओढाताण करावी लागते. बरं, एवढा आटापिटा कशासाठी? सोळा लाख हा आकडा लहान आहे का? ज्या लेखकाने कोटी लिहिलं, त्याने नकळत एक गोष्ट मान्य केली: सोळा लाख लोकांची भाषा गंभीरपणे घेण्यासारखी नाही. आणि संख्येवरच मान मिळत असेल तर रांगेत पुढे भिली उभी आहे. २०११ची जनगणना 'भिली/भिलोडी' या शीर्षकाखाली एक कोटीहून जास्त लोक दाखवते, आणि तीही आठव्या अनुसूचीत नाही.

याच जनगणनेत एक साधी गोष्ट आहे, ती या लेखांत फारशी कुणी वापरत नाही. खानदेशी हे शीर्षक मराठीच्या पोटात नाही, मराठीच्या बाहेर आहे. २२ अनुसूचित भाषांनंतरच्या ९९ भाषांच्या यादीत ते आहे. म्हणजे शाळेत जिला बोली म्हणतात, तिला केंद्र सरकारची जनगणना स्वतंत्र भाषेच्या रकान्यात टाकते. हे वाचून उड्या मारायची गरज नाही, कारण जनगणनेचं वर्गीकरण म्हणजे भाषाशास्त्राचा निकाल नव्हे. पण युक्तिवाद सुरू करायला यापेक्षा भक्कम दगड कुठला?

दुसरं नाणं म्हणजे ग्रियर्सन. 'इंग्रज अभ्यासक डॉ. ग्रियर्सन यांनीही अहिराणीला स्वतंत्र भाषा मानलं आहे' हे वाक्य किती लेखांत वाचलं याची मोजदाद सोडून दिली. जॉर्ज ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड दिला आहे. खानदेशी त्यात नाही. ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात आहे, जो १९०७ साली निघाला. इथपर्यंत लेखकाचं बरोबर. पण त्या भागाचं शीर्षक पूर्ण वाचलं तर तो मुळात भिल्ली भाषांचा भाग आहे. खानदेशी तिथे भिल्लीच्या शेजारी, गुजरातीच्या नात्यातली म्हणून बसलेली आहे.

आता लेखात काय होतं बघा. 'मराठी नाही' हा ग्रियर्सनचा अर्धा निष्कर्ष ठळक अक्षरात येतो. 'भिल्लीची सोयरी' हा दुसरा अर्धा गळून पडतो. हे अनवधानाने होतं असं मला वाटत नाही. पुण्या-मुंबईच्या मराठीने आपल्याला खालचं मानलं याचा राग असलेल्या माणसाला स्वतःची भाषा आदिवासींच्या भाषेशेजारी बसलेली बघवत नाही. पुरावा अर्धा कापण्याची ही सगळ्यात जुनी तऱ्हा आहे. इथे ती लेखकाचं जे लपवते, तेच या भाषेच्या समाजजीवनातलं खरं दुखणं आहे. पाटलाच्या ओट्यावरची अहिराणी आणि पाड्यावरची भिली यांच्यात किती देवाणघेवाण झाली, यावर लिहिणारा माणूस ग्रियर्सनला खऱ्या अर्थाने वाचेल. बाकीचे फक्त साहेबाची सही दाखवतात.

सही दाखवण्यावर आणखी एक आक्षेप आहे. ग्रियर्सनच्या खात्याने भाषांचे नमुने बहुतांशी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सरकारी माणसांकडून मागवले. बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं स्थानिक भाषेत भाषांतर, शिवाय एखादी गोष्ट किंवा गाणं, असा तो मसाला. प्रचंड काम, त्याबद्दल आदर आहेच. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या थोडक्या नमुन्यांपेक्षा आज एसटीच्या धुळे-साक्री गाडीत तासभर कान उघडे ठेवले तर जास्त माल मिळतो. जुन्या न्यायशास्त्रात थोरांच्या शब्दाला प्रमाण मानतात, पण प्रत्यक्षाची जागा त्याच्या आधी आहे. आपल्या लेखकांना प्रत्यक्ष समोर असताना शब्दप्रमाणच का लागतं, कळत नाही.

अभीर राजांबद्दल फार बोलायला नको. अभीर, आभीर, अहीर, अहिराणी अशी शब्दांची साखळी लावायची आणि 'म्हणून अहिराणी १८०० वर्षं जुनी' म्हणायचं. अभीर होते, त्यांचं राज्य होतं. नाशिकच्या पांडवलेणीत तिसऱ्या शतकातल्या ईश्वरसेन या अभीर राजाच्या काळचा लेख आहे, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवलेल्या ठेवीची नोंद त्यात आहे. फार सुंदर लेख. फक्त तो अहिराणीत नाही. त्या काळच्या लेखांसारखीच संस्कृत-प्राकृताची मिसळ त्यात आहे. माणसांचं नाव जुनं आहे म्हणून त्यांच्या आजच्या बोलीचं वय तेवढंच होत नाही. नाहीतर माझ्या आडनावावरून मलाही तीनशे वर्षांची पेन्शन मिळायला हवी. मात्र या प्राचीनतेच्या वेडासाठी एकट्या अहिराणीवाल्यांना दोष देता येत नाही. मराठीला अभिजात दर्जा मिळवताना आपण सगळ्यांनी हेच केलं. दर्जासाठी वयाचा दाखला मागितला गेला, म्हणून नाणेघाट आणि गाथासप्तशती पुढे आली. ३ ऑक्टोबर २०२४ला दर्जा मिळाला. मोठ्या भावाला वयाच्या दाखल्यावर नोकरी लागली की धाकटा तोच दाखला शोधणार, हे ओघानेच आलं.

आता बहिणाबाई. इथे जरा थांबावं लागेल, कारण इथे पुरावा सगळ्यांच्या पाठ आहे आणि तरीही कुणी तो बघत नाही.

बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्मल्या, १९५१ साली गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकात आली आणि महाराष्ट्राच्या क्रमिक पुस्तकांत कायमची बसली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. अहिराणीवरच्या जवळपास प्रत्येक लेखात त्या 'अहिराणीच्या थोर कवयित्री' म्हणून येतात. वाचकाला हे लगेच पटतं, कारण खानदेश म्हणजे अहिराणी, बहिणाबाई खानदेशच्या, म्हणून बहिणाबाई अहिराणीच्या. अनुमान सरळ आहे. पहिलंच वाक्य चुकलंय एवढंच.

त्यांचं पुस्तक उघडा आणि अर्थ, उपमा सगळं बाजूला ठेवून फक्त प्रत्यय बघा. अहिराणीत 'घरात'चं 'घरमा' होतं, 'माझा-तुझा'चं 'मना-तुना' होतं, 'आहे'चं 'शे' होतं. 'तो जातो'ला 'तो जास' म्हणतात, 'भूक लागली'ला 'भूक लागनी'. बहिणाबाईंच्या गाण्यांत हे 'मा', 'ना', 'शे', 'जास' कुठे सापडतात? तिथे 'चा-ची-चं' आहे, 'त' आहे, क्रियापदाच्या शेवटी 'ते' आहे. मराठीच्या अंगाने जाणारी, रावेर-यावल-भुसावळ-जळगाव पट्ट्यातली ती लेवा बोली आहे, वऱ्हाडीला लागून असलेली. फसवणूक होते ती 'ळ'मुळे. लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो, अहिराणीतही होतो: डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. शिवाय 'ला'चं 'ले' दोन्हीकडे. मराठी कानाला या दोनच गोष्टी आधी टोचतात, म्हणून बाहेरच्याला दोन्ही एकच वाटतात. शब्दांचा रंग सारखा, हाडं वेगळी.

गंमत अशी की प्रत्ययांची हीच कसोटी अहिराणीच्या स्वतंत्रपणाचा सगळ्यात चांगला पुरावा आहे. 'घरमा' हा गुजरातीच्या बाजूने आलेला सप्तमीचा प्रत्यय, 'शे' हा गुजराती 'छे'चा भाऊबंद, 'मना-तुना'तली ती 'ना'ची षष्ठी. उसने शब्द कुठलीही भाषा कुठूनही आणते, पण प्रत्यय आणि क्रियापदांची रूपं सहसा बाजारातून आणली जात नाहीत. जो लेखक म्हणतो 'अहिराणीत असे गोड शब्द आहेत जे मराठीत नाहीत' आणि खाली वीस शब्दांची यादी देतो, तो दुबळा पुरावा देतो, कारण असे वीस शब्द मालवणीत आणि वऱ्हाडीतही मिळतील. 'माले घरमा भूक लागनी' एवढं एक वाक्य उलगडून दाखवणारा जास्त सांगून जातो. पण बहिणाबाईंना अहिराणीत ओढायचं असेल तर ही कसोटी गुंडाळून ठेवावी लागते. म्हणजे एक मोठं नाव मिळवण्यासाठी हे लेखक हातातला सगळ्यात भक्कम पुरावा टाकून देतात. वर लेवा बोली बोलणाऱ्यांचा रोष घेतात, आणि तो रास्त आहे. 'आमची बोली मराठीने गिळली' म्हणणाऱ्याने शेजाऱ्याची बोली गिळावी, याला काय म्हणायचं?

दुसऱ्या बाजूच्या लेखांना मी इतका वेळ देणार नाही, कारण त्यांना कष्टच घ्यावे लागत नाहीत. सत्ता ज्या बाजूला असते तिला पुरावा कमी लागतो. तिचं काम 'च' या एका अक्षरावर भागतं: अहिराणी ही मराठीचीच बोली आहे. 'मुळात', 'सर्वश्रुत आहे की', 'अभ्यासकांच्या मते' ही त्या 'च'ची भावंडं. ज्या वाक्याच्या आधी 'मुळात' आलं, त्या वाक्याचा पुरावा पुढे सहसा येत नाही, हे एकदा ध्यानात घेऊन वाचून बघा. मग लिपीचा मुद्दा येतो, की अहिराणीला स्वतःची लिपी नाही. मराठी, हिंदी आणि नेपाळी एकाच देवनागरीत लिहिल्या जातात आणि कोकणी आजवर अनेक लिप्यांत लिहिली गेली, हे आठवलं की तो मुद्दा तिथेच बसतो. मग म्हण येते: दर बारा कोसांवर भाषा बदलते. म्हणीला उलट प्रश्न विचारायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून मतलेखकाला ती फार सोयीची. पण ही म्हण 'भाषा' बदलते म्हणते, 'बोली' बदलते म्हणत नाही. तिला साक्षीला बोलावलं तर ती पहिल्या बाजूनेही बोलेल.

शीर्षकातला प्रश्न ही दोन्ही बाजूंची लाडकी युक्ती. 'अहिराणी मरणार का?' 'अहिराणीवादी कुणाच्या इशाऱ्यावर?' मराठी पत्रकारितेत प्रश्नाला मोठा मान आहे, तो टिळकांमुळे. १८९७ साली सरकारचं डोकं ठिकाणावर आहे काय, असं 'केसरी'ने विचारलं तेव्हा पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरात शिरणारे सोल्जर लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुरावा रस्त्यावर होता, प्रश्नाने त्याच्याकडे फक्त बोट केलं. आणि तो प्रश्न ज्याला विचारला तो तुरुंगात टाकू शकत होता. त्याच वर्षी त्याने टाकलंही. आजच्या शीर्षकातला प्रश्न उलट कामाचा असतो. आरोपही होतो आणि आरोप सिद्ध करायची जबाबदारीही टळते.

या बाजूची खरी परीक्षा २०२५ साली झाली. एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी लागू करण्याचा शासन निर्णय आला, राज्यभर रान उठलं आणि २९ जूनला सरकारला निर्णय मागे घ्यावे लागले. त्या दोन-अडीच महिन्यांतले मराठी मतलेख चांगले होते, काही तर उत्तम. मुद्दा स्वच्छ होता: लहान मुलाला आधी त्याच्या घरच्या भाषेत पाय रोवू द्या, वरून दुसरी भाषा लादली तर ते शिकण्यातच मागे पडतं. मी तो मुद्दा वाचत होतो आणि मनात साक्री तालुक्यातल्या एका पहिलीच्या वर्गात 'माले', 'घरमा' म्हणणारं पोरगं दिसत होतं, ज्याच्या वहीवर त्याखाली लाल रेघ येते. मुद्दा त्या पोरालाही लागू पडतो, शब्दही बदलावा लागत नाही. मी वाचलेल्या लेखांपैकी एकाही लेखात त्याचा उल्लेख नव्हता. एखाद्या लेखकाचा मुद्दा खरा तत्त्वाचा आहे की सोयीचा, हे बघायची माझी पद्धत साधी आहे. तोच मुद्दा त्याच्या स्वतःच्या घरावर उलटवून बघायचा आणि तो काय करतो ते पाहायचं.

तरीही शेवटी मी पुन्हा आपल्याच बाजूवर येतो. अहिराणीवाले हमखास कोकणीचं उदाहरण देतात. तिलाही मराठीची बोली म्हणत होते. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा मानलं, १९९२ साली ती आठव्या अनुसूचीत गेली, मग आम्ही का नाही? उदाहरण चांगलं आहे, पण ते फक्त शेवटून वाचलं जातं. कोकणीच्या मागे गोव्याचं वेगळं राजकारण होतं, हा एक भाग. दुसरा भाग असा की १९७५च्या कितीतरी आधी वामन वर्दे वालावलीकर, म्हणजे शणै गोंयबाब, कोकणीत गद्य लिहीत होते. ते १९४६ साली गेले, तोवर कोकणीत कथा, निबंध, व्याकरण आणि वाद घालून झाला होता. कोकणी ही भाषा आहे, हे त्यांनी बऱ्याच अंशी कोकणीतच लिहून दाखवलं.

आणि अहिराणीच्या स्वतंत्रपणावरचे आमचे लेख? ते बहुतेक सगळे प्रमाण मराठीत असतात, हाही लेख धरून. यावर लेखकाचं उत्तर ठरलेलं आहे: संपादक छापणार नाही, पुणेकराला कळणार नाही. खरं आहे. पण मग लेख कुणाला पटवण्यासाठी लिहिला, हेही त्यातून कळतं. अहिराणीत गंभीर गद्याचे प्रयत्न झालेत. डॉ. सुधीर देवरे यांनी 'ढोल' हे अहिराणी नियतकालिक काढलं, डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश केला. ही माणसं पुरावा गोळा करत होती, तेव्हा आम्ही दावे करत होतो. फोनवर तर अहिराणी वेगळ्याच वाटेने पळतेय. लग्नाच्या वरातीत 'हाई झुमकावाली पोर' वाजतं तेव्हा नागपूरचा पाहुणाही नाचतो, आणि ही भाषा की बोली असं त्याला कुणी विचारत नाही. मात्र गाणं आणि विनोदी व्हिडिओ एवढ्यावर भाषा थांबली तर ती हसवणाऱ्याची आणि नाचवणाऱ्याची भाषा होऊन बसते. जिच्यात वाद घालता येतो, हिशेब मांडता येतो, कुणाचं म्हणणं खोडता येतं, ती भाषा वेगळी. ग्रियर्सनचा दुसरा अर्धा निष्कर्ष अहिराणीत समजावून सांगणारा लेख मला वाचायचा आहे. जमेल का, मला स्वतःला माहीत नाही. मी दोनदा बसलो. 'युक्तिवाद' या शब्दाला येऊन अडलो. मग आठवलं की आजी भाऊबंदकीच्या भांडणात तास-तासभर जे करायची ते युक्तिवादच होते, आणि त्यासाठी तिला हा शब्द कधीच लागला नाही.

सोळा वर्षांच्या खंडानंतर आता पुन्हा जनगणना होऊ घातली आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. या वेळी आपली माहिती आपणच फोनवरून भरण्याची सोय असणार आहे. म्हणजे पुष्कळ घरांत मातृभाषेचा रकाना आई-बाप नाही, तुमच्या-माझ्यासारखा पुण्यात शिकणारा पोरगा किंवा पोरगी भरेल. काही घरांत मात्र मास्तरच येतील. ते घरी बायकोशी, आईशी अहिराणीत बोलून आलेले असतील, आणि दारात उभे राहून शुद्ध मराठीत विचारतील, आपली मातृभाषा? त्या वेळी त्यांना एवढंच उलट विचारून बघायचं आहे: मास्तर, तुमी घरमा काय बोलतस?